चेंडू पुढे देणारा गणिती

कोपनहेगन विद्यापीठात डॉक्टरेटच्या प्रबंधावर खुल्या सभागृहात चर्चा होत असे. उमेदवाराने समोर उभे राहायचे, परीक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि ज्याला ऐकायचे असेल त्याने येऊन बसायचे. गणिताच्या प्रबंधाला एरवी कोण येणार? पण १९१० साली हाराल्ड बोर नावाचा तरुण डिरिक्ले श्रेणींवरचा आपला प्रबंध मांडायला उभा राहिला, तेव्हा सभागृहात गणित्यांपेक्षा फुटबॉलशौकीन जास्त होते, असे सांगतात. प्रबंधातले त्यांना काही कळणार नव्हते. ते आले होते आपल्या लाडक्या हाफबॅकला पाहायला. दोनच वर्षांपूर्वी या मुलाने लंडनच्या ऑलिंपिकमधून डेन्मार्कसाठी रौप्यपदक आणले होते.

गणितही करणारा आणि मैदानही गाजवणारा माणूस भेटला की आपण त्याचे आयुष्य दोन कप्प्यांत सांगतो. एकात पुस्तके, दुसऱ्यात बूट. हाराल्ड बोरचे आयुष्य असे कापता येत नाही. तो ज्या वृत्तीने मैदानावर खेळला, त्याच वृत्तीने त्याने गणित केले आणि पुढे, युरोपात वाईट दिवस आले तेव्हा, माणसेही त्याच वृत्तीने वाचवली. ती वृत्ती होती हाफबॅकची.

फिजिओलॉजी आणि फुटबॉल

हाराल्डचा जन्म २२ एप्रिल १८८७ चा, कोपनहेगनचा. वडील क्रिश्चन बोर विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते, हा वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जाणारा ‘बोर परिणाम’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आई एलेन अॅडलर ही श्रीमंत ज्यू बँकर घराण्यातली. मावशी हॅना अॅडलर भौतिकशास्त्राची पदवी घेतलेली आणि मुलामुलींना एकत्र शिकवणारी शाळा काढणारी. थोरला भाऊ नील्स हाराल्डपेक्षा जेमतेम दीड वर्षाने मोठा. अणूच्या रचनेचा उलगडा करून १९२२ चे नोबेल मिळवणारा नील्स बोर तो हाच.

वडिलांना फुटबॉलचे वेड होते आणि ते दोन्ही मुलांत उतरले. विद्यापीठाच्या मंडळींचा ‘अकॅडेमिस्क बोल्डक्लब’ हा १८८९ साली स्थापन झालेला क्लब. हाराल्ड सोळाव्या वर्षी, १९०३ मध्ये, या क्लबाच्या संघातून खेळू लागला. नील्सही तिथेच गोलकीपर होता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. एका जर्मन संघाविरुद्ध सामना चालू होता. चेंडू घरंगळत गोलकडे येऊ लागला आणि नील्स मात्र गोलच्या खांबावर कसलेसे गणित मांडण्यात गुंग होता. प्रेक्षकांतून कोणी ओरडले तेव्हा तो भानावर आला. नील्स विचारात बुडून मैदान विसरे. हाराल्ड मैदानावर असला की मैदानावरच असे. राष्ट्रीय संघात जागा मिळाली ती धाकट्याला. अभ्यासातही धाकटा एक पाऊल पुढेच होता. त्याची डॉक्टरेट १९१० ची, नील्सची १९११ ची. दोघा भावांत याचे शल्य कधी आले नाही. आयुष्यभर दोघांनी एकमेकांना आपले कच्चे विचार मोकळेपणाने सांगितले.

लंडन, ऑक्टोबर १९०८

त्या काळात संघाची मांडणी ठरलेली असे. गोलकीपर, त्याच्यापुढे दोन फुलबॅक, मध्ये तीन हाफबॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड. गोल करायचे काम त्या पाच जणांचे. हाफबॅकला दोन्हीकडे धावावे लागे. मागून निसटलेला चेंडू अडवायचा, डोके वर करून पाहायचे आणि जो मोकळा असेल त्याच्या पायाशी चेंडू पोहोचवायचा. टाळ्या पुढच्याला मिळतात. पण हाफबॅक कच्चा असेल तर पुढचे पाचही नुसते उभे राहतात.

१९०८ च्या ऑलिंपिकसाठी लंडनमध्ये व्हाइट सिटी हे नवे मैदान उभारले होते. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघाचा पहिला अधिकृत सामना याच मैदानावर, १९ ऑक्टोबरला झाला. फ्रान्सने दोन संघ पाठवले होते. त्यांतल्या ‘ब’ संघाला डेन्मार्कने ९–० असे हरवले आणि हाफबॅक असूनही हाराल्डने त्यात दोन गोल केले. तीन दिवसांनी उपांत्य सामना फ्रान्सच्या मुख्य संघाशी. त्याचा निकाल आजही वाचताना छपाईची चूक वाटतो: १७–१. सोफस निल्सन या एकट्या फॉरवर्डने १० गोल मारले. फ्रेंच खेळाडू इतके खचले की कांस्यपदकाच्या सामन्याला ते उतरलेच नाहीत.

२४ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात समोर ग्रेट ब्रिटन होते. फुटबॉलचे नियम ज्यांनी लिहिले, त्यांच्याशी त्यांच्याच घरात गाठ. डेन्मार्क ०–२ असे हरले. तरी पहिल्याच स्पर्धेत रौप्यपदक मिळवून हा छोटा देश फुटबॉलच्या नकाशावर आला. हाराल्ड राष्ट्रीय संघाकडून एकूण चार सामने खेळला आणि त्याच्या नावावर गोल राहिले ते दोनच. त्याची लोकप्रियता मात्र या आकड्यात मावणारी नव्हती, हे प्रबंधाच्या दिवशीच्या गर्दीने दाखवून दिले.

रीमानचे कोडे आणि दोन मित्र

ज्या प्रबंधासाठी ही गर्दी जमली, त्यात होते तरी काय? १, २, ३, ४ या संख्यांचे ठराविक घात घ्यायचे, त्यांना छेदस्थानी ठेवायचे आणि येणारे अपूर्णांक एकेका गुणकाने गुणून बेरीज करत जायचे. ही डिरिक्ले श्रेणी. काही ठिकाणी ही अनंत बेरीज एका संख्येवर स्थिरावते, काही ठिकाणी भरकटते. भरकटणाऱ्या बेरजेलाही शिस्त लावता येते. १ – १ + १ – १ अशी बेरीज १ आणि ० यांच्यात झुलत राहते, पण प्रत्येक पायरीवरच्या बेरजांची सरासरी काढत गेलो तर ती अर्ध्यावर येऊन ठरते. हाराल्डने अशा सरासऱ्यांचे तंत्र डिरिक्ले श्रेणींना लावले आणि जिथे श्रेणी निरर्थक वाटत होती तिथेही तिच्यातून अर्थ काढून दाखवला.

यातली सर्वांत प्रसिद्ध श्रेणी म्हणजे झीटा फलन. २, ३, ५, ७, ११ या मूळसंख्या संख्यारेषेवर कशा विखुरल्या आहेत, याचे गुपित या फलनाच्या शून्यस्थानांत, म्हणजे त्याची किंमत शून्य होते त्या बिंदूंत, दडलेले आहे. वरवर सहज सापडणारी शून्यस्थाने सोडली तर उरलेली सगळी एकाच सरळ रेषेवर असावीत, असा अंदाज बर्नहार्ड रीमानने १८५९ साली मांडला. तो आजही सिद्ध झालेला नाही.

हे कोडे हाराल्ड एकटा कोंडून घेऊन सोडवत बसला नाही. जर्मनीतल्या गटिंगेनला जाऊन त्याने एडमुंड लँडाउशी मैत्री केली. १९१४ मध्ये दोघांनी मिळून सिद्ध केले की रीमानच्या रेषेभोवती कितीही अरुंद पट्टा आखला, तरी जवळजवळ सगळी शून्यस्थाने त्या पट्ट्यातच सापडतात. बाहेर काही राहिली तरी त्यांचे प्रमाण वर जाताना शून्याकडे घसरते. रीमानचा अंदाज यामुळे सिद्ध झाला नाही, पण त्याला पहिल्यांदा भक्कम पाठबळ मिळाले.

दुसरा मित्र इंग्लंडचा जी. एच. हार्डी. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणारा हार्डी म्हणून आपण त्याला ओळखतो. हार्डी क्रिकेटवेडा, हाराल्ड फुटबॉलवेडा, त्यामुळे गट्टी जमायला वेळ लागला नाही. हार्डी सुट्टीत डेन्मार्कला येई. जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे दोघे आधी बसून त्या भेटीत काय काय करायचे याची यादी कागदावर लिहीत आणि यादीत पहिले काम नेहमी एकच असे: रीमानचा अंदाज सिद्ध करणे. मग दोघे फिरायला जात. यादीतले पहिले काम अर्थातच राहून जाई. एकदा परत जाताना समुद्र खवळलेला होता आणि बोट लहान होती. निघण्यापूर्वी हार्डीने हाराल्डला कार्ड टाकले: रीमानचा अंदाज मी सिद्ध केला आहे. हार्डी देवाला आपला खासगी शत्रू मानत असे. आपण बुडालो तर जग कायम म्हणत राहील की सिद्धता हार्डीबरोबर गेली, आणि एवढे मोठे श्रेय देव आपल्याला मिळू देणार नाही, म्हणजे बोट सुखरूप पोहोचणार, असा त्याचा हिशेब.

त्याच १९१४ साली प्रसिद्ध झालेला हाराल्डचा एक लेख त्याच्या स्वभावाचा चांगला नमुना आहे. घातश्रेणींबद्दलची एक मर्यादा त्याला १/६ पर्यंत सिद्ध करता आली होती. त्याने ती मित्रांना कळवली. मार्सेल रीस, इसाई शुर आणि एफ. वीनर या तिघांनी स्वतंत्रपणे ती १/३ पर्यंत नेली आणि त्यापुढे जाता येत नाही हेही दाखवले. हाराल्डच्या पत्रांतून तो लेख जुळवून छापायला दिला हार्डीने. आज गणितात १/३ ही संख्या बोरच्या नावानेच चालते. स्वतः १/६ वर थांबलेल्या माणसाचे नाव १/३ ला मिळाले, कारण चेंडू पुढे दिला तो त्याने.

तिथी, तारीख आणि जवळजवळ आवर्ती फलने

हाराल्डचे सर्वांत मोठे काम १९२४ ते १९२६ या काळात ‘अॅक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात तीन भागांत प्रसिद्ध झाले. विषय होता ‘जवळजवळ आवर्ती’ फलने. नाव अवघड आहे, गोष्ट मात्र आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात रोज दिसते.

तुमच्या जन्माची तारीख आणि तिथी दर वर्षी एका दिवशी येत नाहीत. सौरवर्ष ३६५.२४२२ दिवसांचे आणि चांद्रमास २९.५३०६ दिवसांचा, आणि या दोहोंचा नेमका मेळ बसत नाही. तरीही एकोणिसाव्या वाढदिवसाला तिथी आणि तारीख पुन्हा जुळतात, हे आपल्या आज्यांना तोंडपाठ असते. कारण १९ सौरवर्षे म्हणजे ६९३९.६० दिवस आणि २३५ चांद्रमास म्हणजे ६९३९.६९ दिवस. फरक दोन तासांच्या आसपास. १९ वर्षांचे १२ प्रमाणे २२८ महिने आणि वर सात अधिकमास, असे हे २३५.

आता यात बारकाईने पाहू. दीड-पावणेदोन दिवसांचा फरक चालत असेल तर आठ वर्षांनीही मेळ बसतो, अकरा वर्षांनीही. फरक दोन-अडीच तासांत हवा असेल तर १९ वर्षे थांबावे लागते. एका तासाच्या आत हवा असेल तर, सरासरी गती धरून, ३३४ वर्षे. फरक शून्य हवा असेल तर तसा दिवस कधीच येणार नाही, आणि तरीही फरक जितका लहान मागाल तितका लहान करून मिळतो. शिवाय ही १९ वर्षांची उडी आजपासून मोजा किंवा शिवकाळापासून मोजा, सारखीच लागू पडते. आणि अशा उड्या एकदाच भेटून संपत नाहीत. ठराविक अंतराहून मोठा खंड न पडता त्या पुढेपुढे येतच राहतात. या तीन गोष्टी ज्या फलनात आहेत, त्याला हाराल्ड बोरने जवळजवळ आवर्ती म्हटले.

ही कल्पना त्याला सुचली ती झीटा फलनातूनच. त्या श्रेणीतले प्रत्येक पद हे एका लाटेसारखे वागते. २ च्या पदाची लाट २ च्या लॉगरिदमच्या वेगाने, ३ च्या पदाची ३ च्या लॉगरिदमच्या वेगाने. या दोन वेगांचे गुणोत्तर पूर्णांकांत मांडता येत नाही, आणि त्याचे कारण शाळकरी मुलालाही पटेल असे आहे. तसे मांडता आले असते तर २ चा एखादा घात ३ च्या एखाद्या घाताइतका झाला असता. पण २ चे घात सम आणि ३ चे विषम, ते समान होणार कसे? म्हणून या लाटा एकमेकींशी पूर्ण जुळत कधीच नाहीत, जवळजवळ जुळत मात्र राहतात.

फूरिएने त्याच्या शंभर वर्षे आधी दाखवले होते की आवर्ती फलन शुद्ध लाटांच्या बेरजेने उभे करता येते. हाराल्डचे मुख्य प्रमेय सांगते की जवळजवळ आवर्ती फलनेही अशा लाटांनी हवी तितकी अचूक उभारता येतात, फक्त लाटांचे वेग कसेही असू शकतात. आणि उलट, अशा लाटांच्या बेरजांतून जे जे एकसमान जवळ येत तयार होते, ते जवळजवळ आवर्तीच असते.

इथेही त्याने दार उघडे ठेवले. लेनिनग्राडहून आलेला बेसिकोविच त्याच्याजवळ कोपनहेगनला राहिला आणि त्याने या फलनांचा आवाका वाढवला. तरुण बॉख्नरने नवी व्याख्या दिली. हरमन वाइल, नॉर्बर्ट वीनर यांनी आपापल्या वाटा काढल्या. १९३४ मध्ये फॉन नॉयमनने ही कल्पना थेट समूहांवर नेली. दहा वर्षांत एका माणसाच्या कल्पनेचे गणितातले एक भरगच्च दालन झाले.

खुर्चीपेक्षा यादी महत्त्वाची

१९१५ पासून हाराल्ड कोपनहेगनच्या तंत्रविद्यालयात शिकवत होता. तिथल्या सहकाऱ्याबरोबर, योहानेस मोलेरुपबरोबर, त्याने विश्लेषणाचे पाठ्यपुस्तक लिहिले. फॅक्टोरिअल म्हणजे १ × २ × ३ × ४ असा गुणाकार. पूर्णांकांच्या मधल्या संख्यांनाही तो अर्थ देणारे गॅमा फलन एकमेव का आहे, याचे सुंदर प्रमेय या दोघांनी १९२२ साली त्या पुस्तकात सहज घालून टाकले. हे आधीच कोणी सिद्ध केलेले असणार, असे त्यांना वाटले होते. आज ते बोर–मोलेरुप प्रमेय म्हणून जगभर शिकवले जाते. १९३० मध्ये हाराल्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १९३४ मध्ये कार्ल्सबर्ग फाउंडेशनच्या देणगीतून त्याची गणितसंस्था उभी राहिली, नील्सच्या संस्थेच्या अगदी शेजारी.

ही संस्था उघडली तेव्हा जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला होता. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्यांवर घाला घातला. गटिंगेनमधून कूरांट आणि एमी नोएदर या गणित्यांना दूर केले गेले. लँडाउच्या वर्गावर त्याच्याच विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरमध्ये बहिष्कार टाकला. ज्या गावात हाराल्डने तारुण्यातले सर्वांत चांगले दिवस घालवले, ते गाव महिन्या-महिन्याने रिकामे होत होते.

हाराल्डने तेव्हा संशोधन बाजूला सारले. जर्मनीत जाऊन त्याने सहकाऱ्यांची भेट घेतली. कोणाची नोकरी गेली, कोणाची जाणार, कोणाला बायकामुले आहेत, कोण कोणत्या विषयात शिकवू शकेल, हे त्याने समजून घेतले आणि इंग्लंड-अमेरिकेतल्या गणित्यांना पत्रांमागून पत्रे लिहिली. आयुष्यभर जोडलेली माणसे आता कामी आली. प्राचीन गणिताचा अभ्यासक ऑटो नॉयगेबाउर कोपनहेगनला आला. वेर्नर फेन्शेल आला आणि पुढे डेन्मार्कचाच झाला. संभाव्यताशास्त्रात पुढे मोठे नाव कमावणारा विली फेलर इथे थांबून मग स्टॉकहोमला गेला. कोपनहेगन हे अनेकांसाठी शेवटचे ठाणे नव्हते. तिथून पुढे जाता येत होते.

पत्रे लिहून तो गप्प बसला नाही. १९३४ च्या वसंतात बर्लिनचा प्राध्यापक लुडविग बीबरबाखने जाहीर व्याख्यान दिले. गणिताची शैली वंशावर ठरते, असा त्याचा दावा होता. लँडाउने आपल्या पुस्तकात π ची व्याख्या वर्तुळावरून न करता कोसाइन फलनाच्या शून्यस्थानावरून केली, हे त्याला ‘जर्मन नसण्याचे’ लक्षण वाटले आणि विद्यार्थ्यांचा बहिष्कार त्याने योग्य ठरवला. हाराल्डने कोपनहेगनच्या वृत्तपत्रात लेख लिहून या मांडणीवर उघड हल्ला चढवला. बीबरबाखने जर्मन गणित परिषदेच्या मुखपत्रात ‘हाराल्ड बोरला खुले पत्र’ छापले, तेही सहसंपादकांना न जुमानता. त्यातून परिषदेत इतका कलह माजला की अखेर बीबरबाखला चिटणीसपद सोडावे लागले. गणित्याने राजकारणात पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते. पण लँडाउ हाराल्डचा मित्र होता आणि ज्या व्याख्येवरून त्याची टिंगल होत होती ती गणिताच्या दृष्टीने अगदी चोख होती. एवढी कारणे पुरेशी होती.

१९४३ च्या शरदात नाझींनी डेन्मार्कमधल्या ज्यूंना पकडायचे ठरवले. डॅनिश जनतेने सात हजारांहून अधिक लोकांना होड्यांतून स्वीडनला पोहोचवले. आईकडून ज्यू असलेले बोर कुटुंबही त्यांत होते. इतरांना बाहेर काढणारा हाराल्ड आता स्वतः निर्वासित झाला. युद्ध संपल्यावर तो परतला आणि पुन्हा शिकवू लागला.

सेलबर्गच्या हाती

युद्धानंतर हाराल्ड अमेरिकेला गेला. युद्धकाळात युरोपच्या गणितात काय घडले, असे गणिती कार्ल लुडविग सीगलने त्याला विचारले तेव्हा त्याने एकाच शब्दात उत्तर दिले, असे सांगतात: ‘सेलबर्ग’. नॉर्वेच्या आटले सेलबर्गने नाझींच्या ताब्यातल्या ओस्लोत, बाहेरच्या जगापासून तुटलेल्या अवस्थेत, १९४२ साली सिद्ध केले होते की झीटाच्या शून्यस्थानांपैकी एक निश्चित हिस्सा रीमानच्या रेषेवरच आहे. १९१४ मध्ये हार्डीने त्या रेषेवर अनंत शून्यस्थाने आहेत हे दाखवले होते, लँडाउ आणि बोरने रेषेभोवतीचा पट्टा आखला होता. सेलबर्गने पुढचा मोठा टप्पा गाठला.

१९५० च्या उन्हाळ्याअखेर अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आंतरराष्ट्रीय गणित परिषद भरली. गणितातल्या मानाच्या फील्ड्‌स पदकाच्या निवड समितीचा अध्यक्ष हाराल्ड बोर होता. पदके होती लोराँ श्वार्त्झ आणि सेलबर्ग यांना, आणि दोघांच्या कामाचे महत्त्व परिषदेला समजावून सांगण्याचे कामही हाराल्डचेच होते. ज्या कोड्याच्या मागे तो स्वतः चाळीस वर्षांपूर्वी लागला होता, त्यावर आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या तरुणाची ओळख त्याने जगाला करून दिली. त्यानंतर काही महिन्यांतच, २२ जानेवारी १९५१ रोजी, तो गेला. वय त्रेसष्ट.

रीमानचा अंदाज त्याला सिद्ध करता आला नाही. ज्यांच्या नावावर मोठमोठ्या सिद्धता आहेत असे गणिती अनेक झाले. पण एखादी कल्पना आपल्या हातात असताना तिच्यासाठी आपल्यापेक्षा मोकळा उभा असलेला माणूस दिसणे आणि ती त्याच्याकडे विनासंकोच देणे, हे दुर्मीळ आहे. माणसांच्या बाबतीतही तो तसाच वागला, म्हणून फेन्शेल, फेलर, नॉयगेबाउर यांना पुन्हा वर्गात उभे राहता आले. गणित हे एकट्याने करायचे काम आहे, असे आपण मुलांना नकळत शिकवतो. हाराल्ड बोरचे सगळे आयुष्य याच्या नेमके विरुद्ध साक्ष देते, आणि ती साक्ष मुलांपर्यंत पोहोचायला हवी.